मेणखडूचा आकडा आणि गंजलेली पट्टी: १९६९च्या एका रोड रनरचं प्रकरण

१९६९ची प्लिमथ रोड रनर. दोन दारांची हार्डटॉप, ३८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. कारखान्यातून निघाली तेव्हा निळी, आमच्यापुढे आली तेव्हा लाल. मालक पुण्याहून शिकायला येऊन मिशिगनमध्येच राहिलेले एक निवृत्त इंजिनिअर. नाव लिहीत नाही. इथल्या मराठी मंडळींत त्यांना सगळे काकाच म्हणतात. ही गाडी त्यांनी १९७४मध्ये सेकंडहँड घेतली. आदल्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं होतं, पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि पेट्रोल ढोसणाऱ्या मसल कार लोकांना नकोशा झाल्या होत्या. तरुणांना विम्याचे हप्तेही परवडेनासे झाले होते. विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशा भावात एवढं मोठं इंजिन मिळायची तीच वेळ होती, आणि काकांनी ती साधली.

पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी गाडीला बाहेरून लाल रंग मारून घेतला. काम स्वस्तातलं. इंजिनाच्या खोलीत किंवा डिकीत कुणी फवारा मारलाच नाही. त्या चिकटपणाचे उपकार मानावेत तेवढे थोडे, कारण आतला कारखान्याचा निळा रंग आणि त्यावरचं सगळं जसंच्या तसं राहिलं.

आता निवृत्तीनंतर काकांना गाडी ‘नव्यासारखी’ करून हवी होती. बॉडी शॉपने अंदाजपत्रक दिलं. त्यातली पहिली ओळ अशी: सगळे सुटे भाग काढून बॉडी रोटिसरीवर, म्हणजे ती गोल फिरवता येईल अशा सांगाड्यावर चढवायची आणि ब्लास्ट करून, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा करून, कोऱ्या पत्र्यावर आणायची. काम म्हणून यात काही चूक नाही, शेकडो गाड्या अशाच होतात. पण त्या एका ओळीने कारखान्याच्या निम्म्या खुणा एका दुपारी गेल्या असत्या. माझा संबंध इथे आला. रंग आणि लेप हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि जुन्या अमेरिकन गाड्या हे खूळ. काकांनी फोन करून एवढंच विचारलं, “अरे, ब्लास्टिंगला सोडा बरा की काचेचे मणी?” मी म्हटलं, “काका, कशानेच नको. आधी मला गाडी बघू द्या.”

खुणा किती आणि कुठे

बॉडी शॉपवाल्याच्या मनात खूण म्हणजे चॅसिस नंबर, बाकी सगळी घाण. चॅसिस नंबर महत्त्वाचा आहेच. या गाडीचा नंबर ‘आरएम२३एच९ए’ असा सुरू होतो आणि पुढे सहा आकडे आहेत. आरएम म्हणजे रोड रनर, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एच म्हणजे ३८३चं जोरदार इंजिन, ९ म्हणजे १९६९ आणि ए म्हणजे डेट्रॉइटमधला लिंच रोडचा कारखाना. हा पूर्ण नंबर डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात, काचेतून दिसेल अशा पट्टीवर असतो. त्याचं छोटं रूप, म्हणजे सालाचा आकडा, कारखान्याचं अक्षर आणि शेवटचे सहा आकडे, बॉडीवर ठोकलेलं असतं: एकदा पुढे रेडिएटरच्या चौकटीवर आणि एकदा मागे डिकीच्या काठावर, रबरी पट्टीच्या खाली. तेच इंजिनाच्या ब्लॉकवर, खाली ऑइल पॅनच्या काठाजवळ, आणि गिअरबॉक्सवरही. शिवाय बोनेटखाली डाव्या फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवलेला पत्र्याचा छोटा टॅग असतो. तो खालून वर वाचायचा. त्यावर इंजिनाचा कोड ई६३, गिअरबॉक्सचा डी३२, रंगाचा बी५, उत्पादनाची ठरलेली तारीख आणि ऑर्डरचा क्रमांक.

या झाल्या अधिकृत खुणा. दुसऱ्या जातीच्या खुणा कुणी जपून ठेवायच्या म्हणून केल्याच नव्हत्या. लाइनवर नट आवळून झाला की त्यावर रंगाचा ठिपका. कुठला प्रॉपेलर शाफ्ट कुठल्या गाडीला हे लांबून कळावं म्हणून त्यावर रंगीत पट्टे. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारवर रंग आणि कागदी लेबल. तपासनिसाचा शाईचा शिक्का. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, मेणखडूने घाईघाईत लिहिलेला आकडा. ग्राहकाला हे दिसावं असा कुणाचाच हेतू नव्हता. पुढच्या माणसाला कळलं की खुणेचं काम संपलं. त्यामुळे त्यांचं कुठलंही मॅन्युअल नाही. कारखान्यागणिक, पाळीगणिक आणि माणसागणिक त्या बदलतात. ‘रोड रनरचा बरोबर ठिपका’ अशी वस्तू जगात नाही, या रोड रनरवर काय आहे एवढंच विचारता येतं.

आणि ते विचारायचं कुणाला, तर गाडीलाच. फोर्डची १९६७पासूनची गाडी असेल तर कारखान्याची मूळ माहिती आज मार्टी ऑटो वर्क्स नावाच्या कंपनीकडून विकत मिळते: कुठल्या दिवशी बनली, कुठल्या डीलरकडे गेली, काय काय बसवलं होतं. पाँटिअॅकवाल्यांचीही तशी सोय आहे. प्लिमथ ज्या क्रायसलर कंपनीची, तिच्या दप्तरात मात्र एकेका गाडीची कार्डं १९६७पर्यंतचीच आहेत. त्यानंतरच्या गाडीबद्दल कंपनीला पत्र लिहून काही हाती लागत नाही. म्हणजे १९६९ची ही गाडी स्वतःच स्वतःचं दप्तर आहे, आणि आपण ते सोडा ब्लास्टिंगने स्वच्छ करायला निघालो होतो.

काकांना हे पटायला वेळ लागला नाही, ते इंजिनिअर आहेत. त्यांनी एकच अट घातली. “म्युझियम नकोय मला. गाडी रस्त्यावर धावली पाहिजे आणि निळी दिसली पाहिजे.” पुढचं सगळं काम या अटीच्या चौकटीत झालं.

आधी फोटो, मग हात

पहिले काही शनिवार कुणीही पान्याला हात लावला नाही. फोटो काढले, आणि तेही सरळ फ्लॅश मारून नव्हे. दिवा जवळजवळ पत्र्याला टेकवून, तिरपा. समोरून उजेड टाकला तर तेलकट काळ्या थराखाली काही दिसत नाही. तिरप्या उजेडात मेणखडूची रेघ आपल्या जाडीची सावली टाकते. प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी आणि करडं कार्ड, म्हणजे नंतर माप आणि रंग दोन्हींवर वाद नको. रंगाच्या ठिपक्यांवर पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म ठेवून एकास एक आकारात बाह्यरेषा काढून घेतल्या. ठोकलेल्या आकड्यांसाठी मी आपली देशी पद्धत वापरली: आरटीओत गाडी ट्रान्सफर करताना कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि चॅसिस प्रिंट घेतात, तशी. बॉडी शॉपमधल्या पोराने हे कधी पाहिलं नव्हतं. काका मात्र खूश झाले, त्यांच्या वडिलांच्या स्कूटरचा असाच प्रिंट त्यांनी स्वतः काढला होता म्हणे.

सफाईचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेक गाड्यांवरच्या खुणा मरतात. इंजिनाच्या खोलीत तेल-ग्रीस दिसलं की हात सवयीने मिनरल स्पिरिटच्या डब्याकडे जातो. पण मेणखडू म्हणजे मेण, आणि मिनरल स्पिरिटमध्ये मेण विरघळतं. ग्रीसबरोबर आकडाही फडक्यावर येतो, आणि पुसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शाईचा शिक्का अल्कोहोलने किंवा थिनरने जातो. साधा खडू नुसत्या पाण्यानेही जातो. फॅक्टरीचा रंग त्यामानाने कणखर. क्रायसलर इनॅमल वापरायची, आणि भट्टीत भाजलेलं इनॅमल पन्नास वर्षांनीही सहज मऊ पडत नाही. जनरल मोटर्सची गाडी असती तर लॅकर असतं, आणि थिनरचा एक थेंबही महागात पडला असता.

म्हणून आम्ही कोरड्यापासून सुरुवात केली. आधी प्लास्टिकच्या पात्याने जाड थर, मग मऊ ब्रश. कोरड्याने जेवढं निघतं तेवढं निघाल्यावर भांडी घासायच्या साबणाचं अगदी पातळ पाणी, कापसाच्या बोळ्याने, एका वेळी हातभर जागा. प्रत्येक नव्या जागी आधी कोपऱ्यात चाचणी. जिथे तिरप्या उजेडात खूण नाही अशी खात्री झाली तिथेच शेवटी स्पिरिट. काम कंटाळवाणं आहे. बॉडी शॉपवाल्याने ते तासांवर लावलं असतं तर काकांचं पेन्शन गेलं असतं. ते आम्ही दोघांनीच केलं.

फायरवॉलवर, ब्रेक बूस्टरच्या उजवीकडे, ग्रीसच्या थराखाली पिवळ्या मेणखडूने लिहिलेला तीन आकडी क्रमांक निघाला. सात काढताना मधे आडवी रेघ मारायची युरोपातली सवय असते, तसा सात. आकडा ऑर्डर क्रमांकाशी जुळत नाही, चॅसिस नंबराशी जुळत नाही, कशाशीच जुळत नाही. काका विचारत होते, “मग ठेवायचा कशाला?” माझं उत्तर असं की अर्थ कळलेली खूण एकवेळ परत काढता येते, अर्थ न कळलेली नाही. उद्या लिंच रोडच्याच आणखी चार गाड्यांवर असाच आकडा सापडला तर अर्थ लागेल. आज पुसला तर तो प्रश्नच संपला. आकड्यावर आम्ही काहीही लावलं नाही. संरक्षणासाठी वापरतात त्या सूक्ष्मस्फटिकी मेणातही स्पिरिटच असतं, आणि त्याने हा खडू हलला असता. सुट्या धातूवरच्या रंगाच्या ठिपक्यांवर, म्हणजे स्टीअरिंग बॉक्स, त्याला जोडलेला पिटमन आर्म आणि प्रॉपेलर शाफ्टवर, मात्र तेच मेण पातळ हाताने लावलं, कारण तिथे उघड्या लोखंडाला गंजापासून वाचवायचं होतं आणि इनॅमलला त्या मेणाचं काही होत नाही.

डिकीची पट्टी

आता या प्रकरणाची खरी अडचण. डिकीच्या झाकणाला पाणी अडवणारी रबरी पट्टी असते, आणि बरोबर तिच्याखाली, उजव्या बाजूला, कारखान्याने नंबर ठोकलेला असतो. रबर म्हातारं झालं की पाणी अडवायच्या ऐवजी धरून ठेवतं. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेही त्या पाण्यात. पट्टी उचलली तेव्हा खाली पत्रा नव्हता, पापुद्रे होते. आठपैकी पाच खुणा बोटाला लागत होत्या, तीन गंजाखाली. डिकीचा तळही सडलेला.

बॉडी शॉपवाल्याचा सल्ला सरळ होता. नवा काठ मिळतो, जुना कापा, नवा लावा. फारच जीव अडकला असेल तर नंबराचा तुकडा कापून नव्या काठावर वेल्ड करू. हा दुसरा पर्याय ऐकायला समंजस वाटतो, पण त्याने गाडीचं जेवढं नुकसान होतं तेवढं गंजाने झालं नसतं. चोरीच्या किंवा दुसऱ्याच बॉडीला मौल्यवान नंबर चिकटवायचा असेल तर हेच करतात. उद्या कुणी जाणकार रबर उचलून बघेल, आकड्यांभोवती चौकोनी वेल्ड दिसेल, आणि काकांनी पन्नास वर्षं एकहाती सांभाळलेली गाडी संशयित ठरेल. कागद कितीही दाखवा.

कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गाडीच्या ओळख क्रमांकाशी जाणूनबुजून छेडछाड हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुरुस्तीसाठी खरोखर गरज असेल तर कायदा सूट देतो, पण ती गरज पटवून देण्याचं काम शेवटी मालकाच्या गळ्यात पडतं. कॅन्ससमधलं प्रकरण इथल्या जुन्या गाडीवाल्यांना तोंडपाठ आहे. एका निवृत्त गृहस्थांनी १९५९ची कॉर्व्हेट सुमारे ५० हजार डॉलरना घेतली. २०१७मध्ये नोंदणीला नेली तेव्हा लक्षात आलं की आधीच्या कुणीतरी रिस्टोरेशन करताना नंबराची पट्टी काढून पुन्हा बसवली होती. नंबर खरा, गाडी खरी, गृहस्थांचा दोष शून्य. तरी गाडी जप्त झाली आणि तिथल्या तेव्हाच्या कायद्याने ती नष्ट करायची पाळी आली. शेवटी २०२२मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला, तेव्हा कुठे ती सुटली. हे ऐकल्यावर आमच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीला कुणी हात लावायचा प्रश्नच उरला नाही. तिचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे, कारखान्याचेच. डॅशची गादी काढली तेव्हाही पट्टीवर फिल्म लावून ती जागच्या जागी ठेवली.

डिकीचा काठ जागेवरच ठेवून वाचवायचं ठरलं. सँडब्लास्टिंग बाद, कारण वाळू आधी आकड्यांच्या कडा खाते. तारेचा ब्रश बाद. फॉस्फोरिक आम्लाने काम झटपट होतं, पण ते चांगला पत्राही खातं. आम्ही कीलेटिंग प्रकारचं द्रावण घेतलं, जे गंजातलं लोह धरून ठेवतं आणि खालच्या पोलादाला जवळजवळ त्रास देत नाही. कापूस त्यात भिजवून काठावर ठेवायचा, वर प्लास्टिक, म्हणजे सुकत नाही. काही तासांनी काळा झालेला कापूस बदलायचा. मधेमधे मऊ नायलॉनच्या ब्रशने सैल झालेलं काढायचं आणि पुन्हा कापूस. हळूहळू ९ आला, मग ए. शेवटचा आकडा सगळ्यात उशिरा आला, आणि तो आठ की तीन यावर काका आणि मी भिंग घेऊन बराच वेळ भांडलो. तिरप्या उजेडातला फोटो आणि पेन्सिलचा प्रिंट शेजारी ठेवल्यावर आठच ठरला, आणि डॅशवरच्या पट्टीतही तिथे आठच आहे.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी. आकडा ठोकताना फक्त खड्डा पडत नाही, खड्ड्याखालचा धातूही दाबला जातो आणि त्याची रचना बदलते. म्हणून घासून सपाट केलेला नंबर पोलिसांच्या प्रयोगशाळेत आम्लाने पुन्हा दिसता करता येतो. आमच्या डिकीच्या काठावर याची गरज पडली नाही. पण तो पत्रा जागेवर आहे तोवर त्याच्यात हा दुसरा पुरावाही आहे. नवा काठ लावला असता तर आकडे गेलेच असते, त्यांची सावलीही गेली असती.

डिकीचा तळ मात्र बदलावाच लागला. वेल्डिंग नंबरापासून लांब, टाके टाकत, मधे ओलं फडकं आणि तांब्याची पट्टी ठेवून, म्हणजे उष्णता तिथवर पोचायला नको. आकड्यांवर एपॉक्सी प्रायमरचा एकच पातळ थर. नवं रबर बसवताना त्या वीतभर जागेत गोंद लावला नाही. बॉडी शॉपवाला म्हणाला, तिथून पाणी शिरेल. शिरलं तर शिरू दे, गाडी पावसात काढतंय कोण?

सीटमधले कागद

ब्रॉडकास्ट शीट म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या ठाण्यांना गाडीबरोबर जाणारा कागद. छापील चौकटी, त्यात कोड: कुठला टॉर्शन बार, कुठला कार्ब्युरेटर, मागच्या अॅक्सलचं प्रमाण किती. काम झालं की कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत, ग्लोव्हबॉक्सच्या वर किंवा गालिच्याखाली सारून द्यायचे. काकांच्या गाडीत मागच्या सीटच्या स्प्रिंगांत एक निघाला, स्प्रिंगांच्या गंजाचे वेटोळे उमटलेला, एका कोपऱ्यावर उंदराची मेहेरबानी. काका इतके हरखले की तिथेच उलगडायला निघाले. मी हात धरला. असा कागद कोरडा उलगडला तर घडीवर तुटतो. बंद डब्यात ओलसर हवेत ठेवून मऊ झाल्यावर सावकाश उघडला.

आणि तो या गाडीचा नव्हताच. नंबर जवळचा, पण दुसरा. लाइनवर हे सर्रास व्हायचं; कागद हाताशी आला तिथे खुपसला. खरा कागद नंतर ग्लोव्हबॉक्सच्या वरच्या पोकळीत सापडला, दोन घड्या घातलेला आणि त्यामानाने धडधाकट. त्याच्यावरचा ऑर्डर क्रमांक फेंडर टॅगशी जुळला. त्यामुळे फेंडर टॅगचाही संशय मिटला, कारण लाल रंगाच्या वेळी टॅग काढून पुन्हा लावलेला दिसत होता आणि त्याचे स्क्रू कारखान्याचे नव्हते. आज हुबेहूब नवे टॅग बनवून मिळतात, म्हणून एकटा टॅग आता फारसा पुरावा राहिलेला नाही. दोन्ही कागद आता पॉलिएस्टरच्या पाकिटांत आहेत. लॅमिनेशन करायचं काकांच्या मनात होतं. लॅमिनेशन एकदा केलं की उलटं करता येत नाही, म्हणून नको म्हटलं.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत नशीब थोडं कमी पडलं. कार्टर एव्हीएस या मूळ कार्ब्युरेटरच्या वरच्या स्क्रूखाली पत्र्याचा त्रिकोणी टॅग असतो. कधीतरी ओव्हरहॉल करताना कुणीतरी तो फेकला होता. बॉडीवर ठोकलेला क्रमांक शीटवरच्या कोडशी जुळतो, तेवढ्यावर भागवलं.

निळा किती नवा, किती जुना

काकांना निळी गाडी हवी होती आणि बाहेरचा लाल रंग कारखान्याचा नव्हताच, तेव्हा बाहेरून रंग देण्याबद्दल वाद नव्हता. वाद होता नवा निळा कुठे थांबवायचा याचा. इंजिनाच्या खोलीतला जुना निळा मळकट, तेल मुरलेला. त्याच्या शेजारी चकाकणारा नवा निळा आला की ती जोडणी खटकते. बॉडी शॉपचं म्हणणं, आतूनही मारून टाका. मारला असता तर मेणखडूचा आकडा, शिक्के, सगळं पुरलं गेलं असतं. शेवटी सीमा फेंडरच्या कडांवर आणि बोनेटमागच्या सांध्यावर ठेवली. तिथे पत्रा मुळातच वेगळा होतो, त्यामुळे डोळ्याला कारण मिळतं. आजकाल वापरतात तो बेसकोट-क्लिअरकोट, म्हणजे रंग आणि वर पारदर्शक थर, न वापरता एकाच थराचा रंग घेतला, म्हणजे चकाकी फार काचेसारखी होत नाही आणि दोन निळे एकमेकांशी थोडे तरी बोलतात. पूर्ण जुळत नाहीत. जवळून पाहिलं तर फरक दिसतो, आणि तो मला आवडतो. काकांना पहिले काही दिवस आवडला नव्हता.

गाडीच्या पोटाखाली अशीच गंमत. क्रायसलरच्या बॉडी प्रायमरमध्ये बुडवायचे, आणि रंग मारताना बाहेरचे फवारे कडेने आत पोचायचे. म्हणजे मधे प्रायमरचा मळका रंग, कडेला निळी धूळ, आणि प्रायमर ओघळलेल्या रेघा. अनेक महागड्या रिस्टोरेशनमध्ये हे सगळं एकसारखं चकचकीत काळं किंवा बॉडीच्या रंगाचं केलेलं दिसतं. आम्ही सडलेला भाग सोडून पोटाला हात लावला नाही. नव्या तळावर काय मारायचं हा प्रश्न होताच. फोटोंवरून जवळचा प्रायमर निवडला आणि फवाऱ्याचा आव न आणता एकसारखा दिला. नवा पत्रा नवा आहे हे दिसलं तर काय बिघडलं.

पुन्हा काढाव्या का

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त भांडणाचा. काकांना शिकागोत नोव्हेंबरात भरणाऱ्या मसल कारच्या मोठ्या प्रदर्शनात गाडी न्यायची आहे. तिथे कसून तपासणी होणाऱ्या वर्गात परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली जातात आणि रंगाचे ठिपके, पट्टे, शिक्के पाहतात. त्यासाठी बाजारात तयार सामान मिळतं: शिक्के, लेबलं, कुठल्या नटावर कुठला रंग याचे तक्ते. काकांच्या गाडीवर मागच्या सस्पेन्शनचे बरेचसे ठिपके गंजात गेलेले. बॉडी शॉपने तक्त्याप्रमाणे काढून द्यायची तयारी दाखवली, फुकटात.

माझं मत पहिल्यापासून ठाम होतं. आपल्या गाडीवर होता, फोटोत आहे, मापात आहे आणि नाइलाजाने भाग स्वच्छ करताना गेला, असा ठिपका त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा काढायला हरकत नाही, नोंदीत तसं लिहावं. पण जो कधी दिसलाच नाही तो दुसऱ्याच्या गाडीवरून उचलून आपल्या गाडीवर काढणं म्हणजे साक्षीदार विकत घेणं. तेही पुन्हा दुसऱ्या कारखान्यातल्या गाडीवरून बनवलेल्या तक्त्याने! आज परीक्षक फसेल किंवा नाही, पण तीस वर्षांनी लिंच रोडच्या खुणांचा कुणी अभ्यास करेल तेव्हा ही गाडी त्याला चुकीची माहिती देईल. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही हाच आहे: मूळ आधी जपा, आणि जे नवं केलं ते नोंदवा.

काका म्हणाले, “तुझं खरं आहे रे, पण गुण जातील.” जातील. त्यावर मी काही बोललो नाही, गाडी त्यांची. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून सांगितलं की फोटोत असलेले तेवढेच काढायचे, बाकी नट कोरे ठेवायचे. काकू मागून ओरडल्या की हे गृहस्थ त्या ठिपक्यांपायी रात्री झोपले नाहीत.

एकच खूण त्यांनी माझं न ऐकता नवी लावली. रोड रनरचा हॉर्न कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ वाजतो. त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर दिले होते. १९६९च्या जांभळट हॉर्नवर ‘रोड रनरचा आवाज’ अशा अर्थाचं स्टिकर असे. काकांच्या हॉर्नवरचं उडालं होतं, त्यांनी नवं आणून चिकटवलं. नोंदवहीत ‘नवीन, पुनर्निर्मित’ अशी ओळ आहे.

भारतात अशा गाड्या मोजक्याच, पण मुद्दा तिथेही लागू पडतो. २०२१मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असावी लागते, आणि ती मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, असं नियमच सांगतो. मूळ रूप सिद्ध कसं करणार? पुण्या-मुंबईत एखादी जुनी फियाट किंवा अॅम्बॅसेडर डेंटिंग-पेंटिंगला देताना मेस्त्री पहिल्यांदा इंजिनाची खोली धुऊन काढतो आणि कंपनीच्या पट्टीवर बॉडीबरोबरच रंग मारून मोकळा होतो. त्याआधी तिरप्या उजेडात फोटो आणि पेन्सिलचे प्रिंट घेतले तर खर्च काहीच नाही.

काकांच्या गाडीची फाइल आता गाडीपेक्षा जड झाली आहे. फोटो, फिल्मवरच्या बाह्यरेषा, प्रिंट, कुठे काय लावलं याची यादी. गाडी विकली गेली तर फाइल तिच्याबरोबर जाईल असं काकांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलंय. मुलीला गाडीत फारसा रस नाही, त्यामुळे ती विकली जाईल हे ते धरूनच चालतात. मागच्या सीटमध्ये सापडलेला तो परका कागद मात्र फाइलमध्ये नाही. लिंच रोडच्या लाइनवर मागेपुढे चाललेली ती दुसरी गाडी अजून कुठे उभी असेल तर तिच्या मालकाला तो फुकट द्यायचा, अशी काकांची तयारी आहे. अशा गाड्यांची यादी ठेवणाऱ्या रजिस्ट्रीवाल्यांना नंबर कळवला आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.